आधी ती वही परत द्या

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, प्रीलिमला 64 टक्के, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जुने ब्लॅक अँड व्हाइट हॉलिवूड सिनेमे बघतो, आणि हिरो-हिरॉइन सोडून बाजूच्या नटांची एक वही केलीय त्याने, जी तुम्ही काढून घेऊन कपाटात कुलूप लावून ठेवलीय. 64 टक्क्यांचं मला फार काही वाटलं नाही, प्रीलिमचे पेपर कडकच तपासतात. कुलपाचं वाटलं. आणि त्याहून जास्त, "दुय्यम" हा शब्द पत्रात चार वेळा आलाय त्याचं. "दुय्यम लोकांचं वेड लागलंय, उद्या स्वतःही दुय्यमच राहील" असं लिहिलंय तुम्ही. हे त्याच्या तोंडावर बोललाय का कधी? बोलला असाल, कारण पुढच्याच ओळीत म्हणता की पंधरा दिवस तो घरात धड बोलत नाहीये. मग खापर सिनेमावर कशाला?

आता ते दुय्यम. चरित्र अभिनेता म्हणजे हिरो होता होता राहिलेला माणूस, हा गैरसमज आधी काढा. थॉमस मिचेल घ्या, तुमच्या मुलाच्या वहीत असणारच. 1939 या एका वर्षात त्याचे पाच मोठे सिनेमे आले, 'स्टेजकोच'मधला दारुडा डॉक्टर तोच, 'गॉन विथ द विंड'मधले स्कार्लेटचे वडील तोच, 'हंचबॅक'मधला भिकाऱ्यांचा राजा पण तोच, आणि त्या डॉक्टरसाठी ऑस्कर मिळालं. स्टुडिओ अशा नटांना पगारावर बांधून ठेवायचे कारण हिरोची ओळख करून द्यायला दहा मिनिटं मिळतात, यांना अर्धं मिनिट, तेवढ्यात दारातून आत आलेला माणूस कोण, कसा, किती कर्जात बुडालेला ते प्रेक्षकाला कळलं पाहिजे. हे काय सोपं काम आहे? (ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीलाही आधी तुमच्यासारखंच वाटत असावं, सुरुवातीची काही वर्षं सहाय्यक नटांना पुतळ्याऐवजी पाटी द्यायचे. वॉल्टर ब्रेननने पहिल्या पाच वर्षांत तशा तीन नेल्या.) माझी स्वतःची लाडकी थेल्मा रिटर, 'रिअर विंडो'मधली ती फटकळ नर्स, सहा वेळा नॉमिनेशन आणि एकदाही ऑस्कर नाही, तरी ती फ्रेममध्ये आली की मी हिरॉइनकडे बघायचं विसरते.

आणि "वय निघून चाललंय" म्हणता, अहो सतरा वर्षांचा आहे तो! सिडनी ग्रीनस्ट्रीट, हाही हॉलिवूडचा असाच एक चरित्र अभिनेता, पहिल्यांदा सिनेमाच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता, त्याआधी वर्षानुवर्षं नाटकात.

अजून एक. त्याला ॲक्टर व्हायचंय असं पत्रात कुठेही नाही, ते तुम्हीच धरून चाललाय. नाव, सिनेमा, वर्ष, कितव्या मिनिटाला दिसतो, असे रकाने आखून चारशे नोंदी करणारा मुलगा मला नट कमी आणि अभ्यासक जास्त वाटतो. जुन्या फिल्म जपणं, त्यांची नोंद ठेवणं, त्यावर लिहिणं ही खरीखुरी कामं आहेत, पुण्यात फिल्म अर्काइव्ह आहे, मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन याची वर्कशॉप घेते. पैसा कमी, जागा कमी, हेही सांगते, उगाच गोड बोलणार नाही. सीईटी देऊ दे, ग्रॅज्युएशन कुठल्याही साइडने होऊ दे, एफटीआयआयचं (पुण्यातली सिनेमा शिकवणारी संस्था) वगैरे नंतर बघता येईल, आज त्यावर भांडायची गरज नाही.

रात्रीच्या जागरणाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. परीक्षेपर्यंत सिनेमा फक्त रविवारी, पण तो त्याने निवडायचा आणि तुम्ही शेजारी बसून पूर्ण बघायचा, फोन बाजूला ठेवून.

वही आजच द्या, टेबलावर टाकून नाही, हातात. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.