आधी पाकीट भरा, मग भांडा

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. पाच जणांचा गट, सावद्याच्या बचत गटाच्या केळी वेफर्सचं पाकीट डिझाइन करायचा प्रकल्प, तीन आठवडे आणि अकरा लोगो. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, एक जण येतच नाही, आणि रात्री दोनला फाइलमधला पिवळा रंग बदलत तू एकटी बसलेली. शेवटी विचारलंस, "सर, मी गट बदलून घेऊ का?"

एवढं सगळं लिहिलंस, पण त्यात वेफर्स कुठेच नाहीत. पाकीट किती ग्रॅमचं, तेल कोणतं, काप गोल की लांबट, माल विकला जाणार कुठे, यातलं एक अक्षर नाही. भांडण लोगोचं नाही गं. तुमच्या मध्ये टेबलावर काही ठेवलेलंच नाही, म्हणून तुम्ही एकमेकांच्या आवडीनिवडीवर भांडताय. गट बदलू नकोस. आधी पाकीट भरा, मग भांडा.

हे शब्दशः घे. बचत गटाकडून दोन किलो वेफर्स विकत आणा, फुकट मागू नका. बाजारातून कोरी पाकिटं आणा, एक हँड सीलर आणि ग्रॅम दाखवणारा काटा मिळवा. १०० ग्रॅमसाठी १८ बाय २५ सेंटिमीटरपासून सुरुवात करा, मग एक माप लहान, एक मोठं. वेफर्सचं वजन कमी आणि पसारा जास्त, त्यामुळे अंदाज हमखास चुकतो. पाकीट ठासून भरलं तर सीलमध्ये चुरा अडकतो आणि तिथून हवा शिरते. फार रिकामं ठेवलं तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. प्रत्येक मापाची पाच पाकिटं सील करा, कमरेच्या उंचीवरून टाका, पिशवीत घालून सावदा ते भुसावळ मोटरसायकलवर नेऊन आणा आणि उघडून चुरा तोला. मग बसा भांडायला.

पाकीट भरलं की काय होतं ते बघ. १८ सेंटिमीटरचं पाकीट फुगलं की समोरून तेरा-चौदाच दिसतं. दोन्ही कडांची अक्षरं मागे वळतात. तुमच्या अकरापैकी किती लोगो या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेत, मोज. किराणा दुकानात लहान पाकिटं लडीने टांगतात. वरचं भोक आणि सीलची पट्टी लोगोच्या कपाळावर येते. म्हणून वरची-खालची सीलची जागा कोरी सोडायची, आणि नाव मधल्या भागात, तीन पावलांवरून वाचता येईल एवढं. हे वादाने ठरत नाही. लडी भिंतीला टांगा, तीन पावलं मागे जा, कळेल.

पाकिटाला पारदर्शक खिडकी हवी, हा तुझा आग्रह मला समजतो. "माल दिसायला हवा." पण वेफर्स तळलेले आहेत. उजेड आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की तेल खवट होतं, आणि ओल शिरली की काप मऊ पडतो. त्यात आपल्याकडचा मे महिना, भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो. एक पारदर्शक आणि एक आतून चांदीसारखं मेटलाइज्ड पाकीट भरून पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा, मग सगळ्यांनी वास घ्या. मेटलाइज्ड फिल्म, नायट्रोजन भरून सील, ही सवय का पडली ते नाकच सांगेल. आणि या फिल्मवर थेट छापलं तर रंग मळकट दिसतात. खाली पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो थर कुठे हवा आणि कुठे नको, हे फाइलमध्ये वेगळं दाखवावं लागतं. तुझा रात्री दोनचा पिवळा पडद्यावरचा आहे. पाकिटावर तो तसा येणार नाही.

पिवळ्यावरूनच सांगतो. वेफर्स पिकल्या केळीचे नसतात, कच्च्या हिरव्या केळीचे असतात. केळी पिकायला लागली की साखर वाढते आणि काप तेलात लाल पडतो. तुमच्या समोरच्या बाजूला पिकलेल्या पिवळ्या केळीचा फणा कशाला? तो जो मुलगा येत नाही, त्याच्या घरी यावलजवळ केळीची बाग आहे असं तूच लिहिलंयस. तीन आठवड्यांत त्याला कुणी विचारलं का, घड कोणत्या अवस्थेत कापतात, कच्च्याचा हिरवा कोणता? त्याला तुम्ही प्रेझेंटेशनच्या स्लाइडा करायला दिल्या. तो का येईल?

कामाची वाटणी अशी करा. एक जण मालाचा: तेल, वजन, चुरा, खवटपणा. हे काम त्या मुलाचं. एक जण मजकुराचा. एक जण अक्षरांचा आणि समोरच्या बाजूचा. एक जण छपाईचा आणि फिल्मचा. एक जण दुकानांत फिरणारा. आपापल्या भागात शेवटचा शब्द त्याचा, इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे. मूळ फाइल एकाच्याच हातात, नावात तारीख घालून. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' बंद. आणि बैठकीला भरलेलं पाकीट नसेल तर ती बैठक नाही. पाकीट प्रत्येक वेळी वेगळ्याने भरायचं, सील करायचं. ज्याने एकदा भरलं तो पुन्हा हवेत बोलत नाही.

मजकुराचं काम कंटाळवाणं म्हणून सगळे टाळतात आणि शेवटच्या रात्री दुसऱ्या कंपनीच्या पाकिटावरून उतरवतात. ही चोरी तर आहेच, शिवाय चूक आहे. पोषणाची आकडेवारी तुमच्या मालाची, तुमच्या तेलाची हवी, ती प्रयोगशाळेतून येते. येईपर्यंत चौकट रिकामी ठेवा, खोटे आकडे भरू नका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, आणि नुसतं 'खाद्यतेल' नाही, कोणतं तेल ते. निव्वळ वजन. सर्व करांसह किंमत, आणि तिच्याबरोबर दर ग्रॅमची किंमत: १०० ग्रॅम ६० रुपयांना असेल तर ०.६० रुपये. बॅच, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते. बनवणाऱ्याचा पत्ता, ग्राहकाने फोन कुठे करायचा तो क्रमांक, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. समोरची बाजू १०० ते ५०० चौरस सेंटिमीटर असेल तर ठिपक्याचा व्यास किमान ४ मिलिमीटर. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीला. म्हणजे जागा दुप्पट धरा. आधी सगळा मजकूर साध्या कागदावर पक्का करा, दोघांनी वाचा, मग तो डिझाइनमध्ये जाऊ दे.

'होममेड' काढून टाका. एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत तो शब्द चालत नाही, आणि 'शुद्ध', 'पारंपरिक', 'अस्सल' यांनाही अटी आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे, पण मानांकन केळीला आहे, तुमच्या वेफर्सना नाही. ते चिन्ह उचलून लावू नका.

आता ज्याने मला खरा राग आला ते. तुमच्या 'खांदेशी लूक'मध्ये वारली चित्रं आहेत. ती डहाणू-पालघरकडची. ओळ आहे 'लई भारी'. ती कोल्हापूरकडची. खांदेश कुठे आहे यात? एकीला अहिराणी ओळ हवी म्हणून वाद झाला म्हणतेस. पण हा बचत गट सावद्याचा. तिथे घराघरांत लेवा बोली बोलतात, अहिराणी धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे. ज्या बाया वेफर्स तळतात त्यांच्या तोंडचा शब्द घ्या, त्यांना तो वाचून दाखवा. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा चित्रकार नंदलाल बोसांनी अधिवेशनाचं नगर सजवलं ते बांबूसारख्या गावातल्याच वस्तूंनी. तुमच्या वेफर्सपासून फैजपूर किती लांब आहे? हाकेच्या अंतरावर. आणि तुम्ही इंटरनेटवर वारली शोधताय.

छपाईचं लवकर सांगतो. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर बनतो, आणि तो खर्च हजारो पाकिटं काढली तरच फिटतो. पाचशे पाकिटं काढणाऱ्या बचत गटाला कोरं मेटलाइज्ड पाकीट आणि स्टिकर हाच मार्ग. पण कागदी रुंद स्टिकर सपाट पाकिटावर झकास बसतो आणि पाकीट भरलं की सुरकुततो, कडा सुटतात. म्हणून प्लॅस्टिक फिल्मचा स्टिकर, पाकिटाच्या दोनतृतीयांशपेक्षा कमी रुंद. तारीख मारायची जागा कोरी, चकाकी न चढवलेली, नाहीतर शाई पुसते. बारकोडच्या रेषा गडद, पार्श्वभूमी फिकी. लाल रेषा स्कॅनरला दिसतच नाहीत. पाकीट फुगलं की डाव्या-उजव्या कडांना वळतं, म्हणून रेषा आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. चार रंगांच्या छपाईत पांढरी, पोकळ सोडलेली सहा पॉइंटची बारीक देवनागरी अक्षरं नकोत. रंग केसभर सरकला तरी अनुस्वार आणि रफार बुजतात. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकार बनवून द्या, नाहीतर जोडाक्षरं फुटतील. कर्व्ह केल्यावर पुन्हा वाचा. यातलं प्रत्येक वाक्य भरलेल्या पाकिटावर तपासता येतं, पडद्यावर एकही नाही.

मला हेकट म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. पडद्यावर सुंदर दिसणाऱ्या कामाचे मी गुण कापतो, अशी तक्रार आहे. कापतो, आणि पुढेही कापेन. पडद्यावर पाकीट नेहमी सपाट, नेहमी उजेडात, नेहमी एकटं असतं. दुकानात ते फुगलेलं, धूळ बसलेलं, शेजारच्या वीस पाकिटांत दबलेलं असतं. त्या बायांचे पैसे त्या पाकिटात अडकलेले असतात. तुमचा प्रकल्प जूनमध्ये संपेल, त्यांचा नाही. खंत आहे ती एकच: हे मी मुलांना बहुतेक वेळा प्रकल्प अर्धा झाल्यावर सांगत आलो, चित्रांच्या प्रेमात पडून झाल्यावर. तेव्हा फार उशीर झालेला असतो आणि मुलं दुखावतात. तू तिसऱ्या आठवड्यात विचारलंस, बरं झालं.

त्या दोघी बोलत नाहीत त्याचं काय, असं तू म्हणशील. एकीला काटा दे, दुसरीला सीलर. वजन सांगितल्याशिवाय सील होत नाही, त्यामुळे बोलावंच लागेल. आणि तू रात्री दोनला एकटीने रंग बदलणं आजपासून बंद कर. ते कष्ट आहेत, पण त्याने बाकी चौघांचं काम तू हिरावून घेतेस, आणि मग ते करत नाहीत म्हणून रडतेस. हे कडक वाटेल. वाटू दे.

शनिवारी अकराला वर्कशॉपमध्ये या, पाचही जण. वेफर्स त्या मुलाने आणायचे, सावद्याहून, आदल्या दिवशी तळलेले. सीलर आणि काटा मी काढून ठेवतो. लॅपटॉप घरीच ठेवा.

तुझे सर