'फॉन्ट सापडत नाही' असं आलं, तर आधी फाइल सेव्ह करू नका

तुमच्या प्रश्नातून मला समजलेलं चित्र असं. चौघांचं ऑफिस आहे. दिवाळी अंकाची इनडिझाइन (पानं मांडायचा अडोबीचा प्रोग्राम) फाइल कोल्हापूरहून सहकाऱ्याने पाठवली. तुमच्याकडे उघडताना तीन फॉन्ट नाहीत असा निरोप आला: 'मंगल', 'एक मुक्ता' आणि श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा एक जुना फॉन्ट. ऑफिसातल्या दुसऱ्याने घाईत तिन्हींच्या जागी भलताच फॉन्ट टाकून फाइल सेव्ह केली. आता १४४ पानांचा अंक १५१ पानांवर गेला आहे आणि काही मथळ्यांत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं दिसताहेत.

ती सेव्ह केलेली फाइल बाजूला ठेवा आणि कोल्हापूरहून मूळ फाइल पुन्हा मागवा. तिच्यावर दुरुस्ती करत बसलात तर दोन रात्री जातील.

असं का म्हणते ते सांगते. फाइलमध्ये फॉन्ट नसतो, त्याचं नुसतं नाव असतं. 'या मजकुराला मुक्ता, सेमीबोल्ड, ११ पॉइंट' एवढीच नोंद. अक्षरांचे आकार ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरून घेतले जातात. आकार मिळाले नाहीत की इनडिझाइन तात्पुरता दुसरा फॉन्ट दाखवतं आणि तेवढा मजकूर गुलाबी पट्ट्यात रंगवतं. पण मूळ नाव फाइलमध्ये शाबूत असतं. योग्य फॉन्ट टाकला की गुलाबी जातं आणि ओळी जागच्या जागी येतात. म्हणजे नुसता फॉन्ट नसल्याने फाइलचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते 'बदला' म्हणून सेव्ह केल्यावर, कारण तेव्हा मूळ नावच पुसलं जातं.

आता तुमची तीन नावं. निरोप एकच असला तरी तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

मंगल पूर्वी प्रत्येक विंडोजवर असायचा. विंडोज ८ पासून देवनागरीसाठी निर्मला यूआय आला, आणि विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट ऐच्छिक झाले. जुन्या विंडोजवरून अपग्रेड केलेल्या मशीनवर ते सापडतात, कोऱ्या मशीनवर बहुधा नसतात. सेटिंग्जमध्ये ऐच्छिक सुविधांच्या यादीत देवनागरीचे पूरक फॉन्ट आहेत, ते घ्या. मात्र त्याआधी एक बघा. दिवाळी अंकात मंगल कोणी मुद्दाम वापरत नाही. लेखकांनी वर्डमध्ये पाठवलेल्या मजकुरातून तो येतो आणि एखाद्या रिकाम्या परिच्छेदात किंवा दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत चिकटून राहतो. पानावर काही दिसत नाही, निरोप मात्र दर वेळी येतो. टाइप मेन्यूतल्या फॉन्ट शोधण्याच्या खिडकीत मंगल निवडा आणि 'पहिला शोधा' करत जा. सगळीकडे नुसत्या मोकळ्या जागाच निघाल्या, तर इथे मात्र फॉन्ट बेलाशक बदला. त्याच खिडकीत परिच्छेदाच्या स्टाइलमधला फॉन्टही बदलण्याची खूण असते, ती करायला विसरू नका.

'एक मुक्ता'चं दुखणं सोपं आहे. फॉन्ट बनवणाऱ्या 'एक टाइप' या संस्थेचा हा फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर आधी 'एक मुक्ता' या नावाने होता, नंतर तो 'मुक्ता' झाला. आज उतरवून घेतलात तर 'मुक्ता' मिळतो आणि जुनी फाइल 'एक मुक्ता'च मागत राहते. प्रोग्राम नाव जुळवतो, वळण बघत नाही. बालू आणि बालू २ या फॉन्टची गतही हीच. कोल्हापूरच्या सहकाऱ्याकडून त्याच्याकडची मूळ फॉन्ट फाइलच घ्या. नवा मुक्ता लावायचाच असेल तर अंक सुरू होण्याआधी लावायचा, मध्येच नाही. नाव जुळूनही आवृत्ती वेगळी असेल तर काही वेळा रुंदीत बारीक फरक असतो. मग निरोप येत नाही, ओळी मात्र तुटतात. हा प्रकार मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण प्रूफ पुन्हा वाचल्याशिवाय तो कळत नाही.

श्री-लिपीचा जुना फॉन्ट हे खरं अवघड प्रकरण, आणि इंग्रजी अक्षरं तिथूनच येताहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची वेगळी खूण देणारी पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. उदाहरण कृतीदेव या तशाच जुन्या फॉन्टचं देते, कारण ते बऱ्याच जणांना पाठ आहे. त्यात 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा साठवलेला असतो. फॉन्ट आहे तोवर 'मराठी' दिसतं, फॉन्ट गेला की मॅटर फुटतं. तिथे मुक्ता टाकून उपयोग नाही, कारण मुक्ता त्या पाच खुणा प्रामाणिकपणे इंग्रजीतच दाखवणार. दोनच वाटा आहेत. नेमका तोच फॉन्ट मिळवा, किंवा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. नेमका म्हणजे नावातल्या आकड्यांसकट. श्री-देव-०७१४ सारख्या नावात एक आकडा चुकला तर तो दुसराच फॉन्ट. कन्व्हर्टरने आणलंत तर रफार, 'दऱ्या'तला अर्धा र, आकडे आणि मधले इंग्रजी शब्द डोळ्यांत तेल घालून तपासा. मजकुरात आलेल्या इंग्रजी शब्दालाही कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो.

याची किंमत मी मोजली आहे. एका शाळेच्या स्मरणिकेची उघडी (म्हणजे मजकूर बदलता येईल अशी) कोरल ड्रॉची फाइल मी छापखान्यात पाठवली. तिथल्या ऑपरेटरने त्याच कंपनीचा जवळचा फॉन्ट लावला. बहुतेक अक्षरं जुळली म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण काही जोडाक्षरं बदलली आणि देणगीदारांच्या यादीत माणसांची नावं चुकीची छापली गेली. त्या यादीत स्वतःचं नाव बोट ठेवून शोधणारे वयस्कर लोक मी पाहिले आहेत. तेव्हापासून छापायला उघडी फाइल देत नाही. फॉन्ट अंतर्भूत असलेली पीडीएफ देते, आणि कोरलमधलं मुखपृष्ठ असेल तर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून. कर्व्हची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी त्यातलं एक अक्षरही बदलता येणार नाही.

फॉन्ट आला तरी वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडतेय, जोडाक्षरं पाय मोडून उभी आहेत, असं दिसलं तर दोष फॉन्टचा नाही. परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये अडोबीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ही सोय प्रेफरन्समध्ये टाइपखाली आहे. आणि बाकी मजकूर नीट असून फक्त 'ॲ'च्या जागी चौकोन दिसत असेल, तर फॉन्ट जुना आहे. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं.

'फॉन्ट टाकला तरी दिसत नाही' असंही तुम्ही लिहिलंय. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अपडेटपासून साध्या 'इन्स्टॉल'ने फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो, आणि काही प्रोग्रामना तो दिसत नाही. उजवं क्लिक करून 'सर्व वापरकर्त्यांसाठी' निवडा, मग प्रोग्राम बंद करून उघडा.

इथून पुढे कोल्हापूरहून नुसती फाइल मागवू नका, पॅकेज मागवा. फाइल मेन्यूतून पॅकेज केलं की 'डॉक्युमेंट फॉन्ट्स' नावाचं फोल्डर तयार होतं. ते फाइलच्या शेजारी राहिलं तर इनडिझाइन त्यातले फॉन्ट आपोआप वापरतं, वेगळे बसवावे लागत नाहीत. फाइल एकटी उचलून डेस्कटॉपवर आणली की ती जोडी तुटते. अडोबी फॉन्ट्समधून चालू केलेले फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत, ते प्रत्येकाने आपल्या खात्यातून चालू करायचे. विकत घेतलेला फॉन्ट पाठवण्याआधी त्याचा परवाना किती मशीनचा आहे ते बघा. अक्षरं काढणाऱ्यांनी त्यावर वर्षं घातलेली असतात. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी यांचा परवाना खुला आहे, ते निर्धास्त पाठवा. मी असते तर अंकाचा मजकूर यांतल्याच एकात लावून चौघांच्या मशीनवर तीच फॉन्ट फाइल बसवली असती.

श्री-लिपीच्या फॉन्टचं पूर्ण नाव मिळत नसेल तर गेल्या वर्षीच्या अंकाची पीडीएफ शोधा. अॅक्रोबॅटमध्ये कंट्रोल डी दाबून फॉन्टच्या यादीत बघा, तिथे आकड्यांसकट नाव असतं. ते इथे लिहा, कोणता कन्व्हर्टर लागेल ते बघून सांगते.