कारांबोलोची 'कुऱ्हाड' आणि आलिसेदाचा रवा

स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या कारांबोलो या प्राचीन सोन्याच्या खजिन्यातली दोन मोठी चारटोकी पदकं कुऱ्हाडीच्या आकाराची आहेत का, असं तुम्ही विचारलंय. नाहीत. तो पसरून वाळत घातलेल्या बैलाच्या कातड्याचा आकार आहे. चार टोकं म्हणजे चार पायांची कातडी.

१९५८ साली २१ नग, जवळजवळ ३ किलो सोनं सापडलं, तेव्हा राजाचे दागिने म्हणून गाजावाजा झाला. पण २००२ ते २००५ च्या उत्खननात त्याच टेकडीवर फिनिशियन (पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या प्राचीन व्यापारी लोकांच्या) धाटणीचं देवालय आणि कातड्याच्याच आकाराची वेदी निघाली. त्या लोकांच्या अस्तार्ते देवीची कांस्यमूर्तीही इथलीच मानतात. म्हणून ही पदकं बळीच्या बैलांना घालत असावेत, हे मत मला राजाच्या कथेपेक्षा पटतं. दागिन्यांवरच्या फुलांच्या नक्षीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. ती अस्तार्तेची खूण म्हणतात खरी, पण तसलं फूल मेसोपोटेमियापासून सगळीकडे आहे. आधी आकार, मग जागा, नक्षी शेवटी.

दुसरा प्रश्न आलिसेदाच्या सोन्याच्या कमरपट्ट्यावरच्या बारीक दाण्यांचा (स्पेनचा कासेरेस प्रांत, १९२० चा शोध). हे आपल्याकडचं रवाकामच, म्हणजे सोन्याचे बारीक गोल दाणे (रवा) पत्र्यावर जोडून केलेली नक्षी. तिथे सिंहाशी झुंजणारा माणूस आणि ग्रिफिन (गरुडाचं डोकं आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी) ठशाने उठवलेत, मागची जमीन रव्याने भरलीय.

रवा करायचा तर सोन्याचे तुकडे कोळशाच्या भुकटीत एकमेकांना न लागता थरांत रचतात आणि १०६४ अंश सेल्सियसच्या वर तापवतात. वितळलेलं सोनं आपोआप गोल होतं. खरी कसोटी चिकटवण्यात. नेहमीचा डाख (जोडासाठी वितळवतात तो मिश्रधातू) वापरला की तो दाण्यांच्या फटींत भरतो आणि रवा चिखलात बुडाल्यासारखा दिसतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे तांब्याचं खनिज, उदाहरणार्थ मॅलाकाइट, डिंकात किंवा सरसात कालवून दाणे बसवायचे. तापवताना डिंकाचा कोळसा होतो, तो तांबं मोकळं करतो आणि ते दाण्याच्या टेकणीपाशीच सोन्यात मिसळतं. तेवढीच जागा सुमारे ९०० अंशांना वितळते. आच जरा चढली तर दाणे पत्र्यात खचतात, कमी पडली तर पुढे गळतात.

संग्रहालयातला तुकडा भिंगाखाली धरा. दोन दाण्यांमधली फट मोकळी दिसली, तर असंच, डाख न वाहिलेलं जोडकाम असावं. फट भरलेली असेल, तर डाख वाहिलाय, किंवा तो तुकडा नंतर दुरुस्त झालाय.