1943 च्या पाकिटावर शिक्क्यातच युद्धनौकेचं नाव असेल तर ते घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की एकाच जहाजावर मारल्या गेलेल्या पाच सुलिवन भावांचं चित्र छापलेलं, 1943 ची तारीख असलेलं आणि पोस्टाच्या शिक्क्यातच त्यांच्या नावाच्या युद्धनौकेचं 'यूएसएस द सुलिवन्स' असं नाव आलेलं पाकीट विकायला आलंय, तर ते घ्यावं का आणि किती द्यावेत. माझ्या मते घेऊ नका. युद्ध चालू असताना अमेरिकन नौदलाने जहाजांची नावं त्यांच्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यातून काढून टाकली होती, कुठलं जहाज कुठे आहे ते शत्रूला कळू नये म्हणून, आणि ही विनाशिका तर नौदलात दाखलच झाली 30 सप्टेंबर 1943 ला, म्हणजे युद्धाआधीचा नावाचा जुना शिक्का तिच्याकडे असणार तरी कुठून?

माझ्याकडे याच जहाजाचं एक पाकीट आहे, नोव्हेंबर 1944 चं. दिसायला अगदी साधं, पिवळं पडलेलं, चित्र नाही, तिकीटही नाही, तिकिटाच्या जागी हाताने 'फ्री' लिहिलंय कारण 1942 पासून सैनिकांना साधं पत्र फुकट जायचं (विमानाने पाठवायचं तर 6 सेंट), गोल शिक्क्यात नुसतं 'यू.एस. नेव्ही' आणि तारीख, बाजूला सेन्सॉरचा शिक्का, त्यात अधिकाऱ्याची आद्याक्षरं, आणि जहाजाचं नाव फक्त डाव्या कोपऱ्यात, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात, खाली केअर ऑफ फ्लीट पोस्ट ऑफिस (नौदलाच्या जहाजांचं टपाल तिथून जायचं), सॅन फ्रान्सिस्को. हे मी आठ वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात फ्रेममध्ये लावलं तर परीक्षक म्हणाले, शिक्क्यात नाव नाही म्हणजे जहाजाचा पुरावा नाही, आणि शेजारच्या फ्रेममधल्या रंगीत चित्राच्या पाकिटाचं कौतुक करत पुढे गेले. मी वरचं सगळं सांगायला गेलो तर माझं वाक्यसुद्धा पूर्ण होऊ दिलं नाही. शेरा लेखी दिला होता, तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मला ते इतकं लागलं कारण हे जहाज म्हणजे नुसतं नाव नाही. आयोवातल्या वॉटर्लू गावचे जॉर्ज, फ्रान्सिस, जोसेफ, मॅडिसन आणि अल्बर्ट, पाचही सख्खे भाऊ, आम्हाला एकाच जहाजावर घ्या असा हट्ट धरून भरती झाले आणि 13 नोव्हेंबर 1942 ला पॅसिफिकमधल्या ग्वादलकॅनाल बेटाजवळ ते ज्या जहाजावर होते ती 'जुनो' क्रूझर (युद्धनौका) जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटली त्यात पाचही गेले. जॉर्ज स्फोटातून वाचला होता, तो नंतर तराफ्यावर मरण पावला. जवळजवळ सातशे माणसांतली दहाच शेवटी जिवंत हाती लागली. या विनाशिकेचं नाव आधी 'पुटनम' ठरलं होतं, ते बदललं, आणि 4 एप्रिल 1943 ला सॅन फ्रान्सिस्कोत तिचं जलावतरण केलं ते त्या पाच जणांच्या आईने, अलेटा सुलिवन यांनी. पुढे मे 1945 मध्ये 'बंकर हिल' या विमानवाहू जहाजावर कामिकाझे (जपानी आत्मघाती विमानं) आदळले तेव्हा याच 'सुलिवन्स'ने पाण्यातून 166 जणांना वर काढलं. असल्या जहाजावरच्या पोराने घरी पाठवलेलं पत्र आणि नंतर कुणी दुकानासाठी छापलेलं चित्र, दोन्ही एकाच तराजूत कशी घालायची?

आणि हो, हे पाच भाऊ गेल्यानंतर सख्ख्या भावांना एका जहाजावर ठेवायला बंदी आली असं बऱ्याच पाकिटांच्या वर्णनात असतं, ते चूक आहे, सरसकट बंदी कधीच नव्हती.

एक राहिलं. तुमच्या पाकिटावर तारीख 4 एप्रिल 1943 आणि शिक्का सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पोस्टाचा असेल तर गोष्ट वेगळी, ते जलावतरणाच्या दिवसाचं असू शकतं, कारण शहराच्या शिक्क्यात शहराचं नाव असणारच. आणि साल नीट बघा, 3 आणि 5 मध्ये गल्लत होते, युद्ध संपल्यावर शिक्क्यात नावं परत यायला लागली. किंमत मात्र फोटो बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. दोन्ही बाजू स्कॅन करून टाका, आणि कुणी परीक्षक काही बोलले तर त्यांना आधी जहाज सेवेत कधी आलं ती तारीख विचारा.