कोर्टाने ठरवलेली मुलाची पोटगी आणि भेटीचे दिवस नंतर बदलून मिळतात का?

हो ताई, मिळतात. तुम्ही लिहिलंय की 2019 ला नांदेडच्या कोर्टाने पोराला महिना 3000 लावले, दर रविवारी नांदेडलाच वडिलांची भेट ठरली, आता पोरगं शिकायला लातूरला, तुम्हीपण तिथंच रूम करून राहायलात, पैसे काही महिन्यांपासून बंदच आहेत, आणि घरचे म्हणायलेत की एकदा निकाल लागला म्हणजे लागला. तसं नसतं. लेकराचा ताबा, भेट, खर्च, यातला कुठलाच आदेश कायमचा नसतो, ताब्याबद्दल तर सुप्रीम कोर्टाने रोझी जेकबच्या केसमधे 1973 लाच हे सांगून ठेवलंय.

मी परभणीची, माझ्या लेकीची पोटगी मी वाढवून घेतली, त्यावरून सांगते. कोर्ट जुनी भांडणं परत ऐकत बसत नाही. तो कसा होता, सासूनं काय केलं, ते सोडून द्या. आदेश झाला तेव्हा काय होतं आणि आज काय बदललं, एवढंच दाखवायचं, आणि ते कागदावर. शाळेची फी, ट्युशनची पावती, रूमचा भाडेकरार, मेसचे पैसे, दवाखाना, सगळं. क्लासवाले कित्येकदा साध्या कागदावर आकडा लिहून देतात, ते चालवून घेऊ नका, पोराचं नाव, तारीख आणि शिक्का असलेली पावतीच मागा, नाही दिली तर फी ऑनलाईन भरा म्हणजे बँकेत नोंद राहते.

दुसरी गोष्ट त्याच्या कमाईची. माझ्याकडे समोरून उत्तर आलं की काम नाही, शेती वडिलांची आहे. माझ्या भावानं महाभूलेख या जमिनीच्या सरकारी साईटवर बघितलं तर सातबारा त्याच्याच नावचा, मग 8 अ काढला, त्यात गावातली त्याच्या नावची सगळी जमीन एका जागी दिसली, ते जोडल्यावर वकिलांना फार बोलावंच लागलं नाही. तसंही 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या केसमधे दोघांनाही कमाई, मालमत्ता, कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. तुमचंही खरं लिहा, शिलाईचे पैसे येत असतील तर तेही लिहा, लपवलेलं निघालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरपण विश्वास राहत नाही.

कलमाचं म्हणाल तर आधी आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढून बघा पोटगी कशाखाली दिलीय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (CrPC) कलम 125 खाली असेल तर वाढीचा अर्ज पूर्वी 127 खाली व्हायचा, 1 जुलै 2024 पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 146 झालंय. घटस्फोटाच्या केसमधेच मुलाचं ठरलं असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 26, भेटीचे दिवस बदलायलापण तेच. अर्ज लांबवू नका, कारण वाढीव रक्कम अर्जाच्या तारखेच्या मागची सहसा मिळत नाही.

थकलेल्या पैशाचा अर्ज मात्र वेगळा, वसुलीचा. आणि हे नीट लक्षात ठेवा, 125 च्या पोटगीत रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. किती बायकांचे पैसे नुसतं आज देईल उद्या देईल करत असेच गेलेत, मला फार वाईट वाटतं याचं.

पैसे देत नाही म्हणून भेट बंद करू का, असंही विचारलंय. करू नका हो. नवीन आदेश होईपर्यंत जुनाच चालू असतो आणि भेट तुम्ही अडवली की तेच तुमच्याविरुद्ध वापरतात. रविवारी पोराची टेस्ट असते म्हणून महिन्यातून दोन रविवार आणि सुट्टीत जास्त दिवस असं काहीतरी तुम्हीच अर्जात सुचवा, भेट लातूरला मागा. तोडायला नाही, जमवायला आलात हे दिसलं पाहिजे.

वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका, बाईला कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर 15100 ला फोन लावा. आणि पोराला प्रत्येक तारखेला न्यायची गरज नाही, जज साहेबांनी बोलावलं तरच न्यायचं. समजत्या लेकराशी ते बहुतेकदा चेंबरमधे बोलतात, आईबापाला बाहेर बसवून. त्याला काहीही पढवू नका, त्याला जे वाटतं ते त्याला बोलू द्या.