आजी नटून मतदानाला का जाते

चिनू,

परवा जेवताना तू विचारलंस ना, की आजी मतदानाला जाताना ठेवणीतली साडी का नेसते, आणि घरी आल्या आल्या शाईच्या बोटाचा फोटो सगळ्या ग्रुपवर का टाकते, इथे अमेरिकेत तर बाबा ऑफिसला जाता जाता मत टाकून येतो. उत्तर लांब आहे म्हणून लिहूनच देतेय.

आजीला ही सवय तिच्या आईकडून लागली, म्हणजे तुझ्या पणजीकडून. पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा उठवायची. 1951-52 ला भारतात पहिली लोकसभा निवडणूक झाली तेव्हा 21 वर्षांवरच्या सगळ्यांना एकदमच मत मिळालं, बाई असो की पुरुष, जात कुठलीही असो, शिकलेला असो नाहीतर नसो. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय, तर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्हाचं चित्र. पणजीने चित्र बघून मत टाकलं, सणाला नेसायची ते लुगडं नेसून.

आता हेच निरक्षर असणं अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांनी कसं वापरलं बघ. गुलामगिरीवरून झालेल्या सिव्हिल वॉरनंतर, म्हणजे यादवी युद्धानंतर, 1870 ला राज्यघटनेत 15वी दुरुस्ती झाली, की वंश, रंग किंवा आधी गुलाम होता या कारणावरून कुणाचं मत नाकारता येणार नाही. पण नीट वाच, फक्त 'या कारणावरून' नाकारता येणार नाही. मग राज्यांनी दुसरी कारणं शोधली, वाचता येतं का त्याची परीक्षा घ्यायची, आणि पास की नापास ते ठरवणार काउंटरवरचा गोरा क्लार्क. शिवाय पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर आधी पैसे भर. व्हर्जिनियात वर्षाला दीड डॉलर होता, गरिबाला तोही जड जायचा. पोल टॅक्स 24व्या दुरुस्तीने 1964 ला गेला तोही फक्त केंद्राच्या निवडणुकांपुरता, राज्यांचा 1966 ला सुप्रीम कोर्टाने काढला. आणि दक्षिणेतल्या त्या परीक्षा बंद पाडल्या 1965च्या व्होटिंग राइट्स ॲक्टने, म्हणजे मताधिकाराच्या कायद्याने. म्हणजे 1870 ला कागदावर आलेला हक्क हातात पडायला जवळजवळ 100 वर्षं लागली, मला याचा अजूनही राग येतो.

बायकांची गोष्ट तर मला फारच आवडते. बायकांना मत देणाऱ्या 19व्या दुरुस्तीला 36 राज्यांची मंजुरी हवी होती, 35 झाली होती, ऑगस्ट 1920 ला टेनेसीत गाडं अडलं. तिथे विरोधातले लोक कोटाला लाल गुलाब लावायचे आणि बाजूचे पिवळा. हॅरी बर्न नावाचा 24 वर्षांचा आमदार लाल गुलाब लावून बसलेला, पण खिशात आईचं पत्र होतं, बायकांना मत मिळू दे असं तिने लिहिलेलं. त्याने ऐनवेळी होकार दिला आणि दुरुस्ती पास झाली!

बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्या शहरातल्या बायकांना मत नव्हतं, 1915 ला तिथे पुरुषांनी मतदान करून ते नाकारलं होतं. भारतात परतल्यावर 1919 ला त्यांनी साऊथबरो कमिटीपुढे, म्हणजे मत कुणाला द्यायचं ते बघणाऱ्या इंग्रज सरकारच्या कमिटीपुढे, अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. पुढे सरसकट सगळ्यांना मत देणारी घटना लिहिली गेली त्यात त्यांचा केवढा मोठा वाटा होता, ते तुला माहितीच आहे.

आणि आपल्यासारखे लोक? 1923 ला इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही, आणि नागरिक नाही म्हणजे मतही नाही. तो दरवाजा 1946च्या कायद्याने उघडला, म्हणून आज बाबा जाता जाता मत टाकू शकतो.

18व्या वर्षी मत मात्र इथे आधी आलं, 1971 ला, 26व्या दुरुस्तीने, कारण 18व्या वर्षी व्हिएतनामला पाठवता तर मत का नाही असं पोरं विचारत होती. भारतात ते 1989 ला झालं, त्यामुळे आजीला 21 पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं होतं. रविवारी फोन कर तेव्हा तिला विचार पहिलं मत कुठल्या शाळेत दिलं, आणि पणजी बरोबर होती का.

आई