आधी तारा बघ

अगं पोरी,

परवा घरी आलीस, चहा तसाच गार झाला आणि जाताना दारात चपला घालता घालता हळूच विचारलंस, "मॅडम, सगळे ग्रहांच्या वातावरणावर काम करतायत, जेम्स वेब दुर्बिणीचा डेटा वापरतायत, मला मात्र गाईडनी नुसती ताऱ्यांची मोजमापं घ्यायला बसवलंय, टॉपिक बदलू का?" तेव्हा मी गप्प बसले कारण बोलले असते तर चिडूनच बोलले असते. म्हणून लिहितेय.

नुसते तारे? अगं, ग्रह दिसतो कुठे आपल्याला? 1995 मध्ये मेयर आणि क्वेलोझ या खगोलशास्त्रज्ञांना 51 पेगासी या ताऱ्याचा ग्रह सापडला म्हणजे नक्की काय सापडलं, तर त्या ताऱ्याच्या स्पेक्ट्रममधल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या उजेडातल्या, काळ्या लाइन्स ग्रहाच्या ओढीने सव्वाचार दिवसांच्या फेऱ्यात पुढेमागे सरकताना सापडल्या, बाकी सगळा हिशोब. ग्रहाचं वस्तुमान हवं तर आधी ताऱ्याचं लागतं, आणि ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा उजेड किती कमी झाला यावरून ग्रहाचा आकार काढायचा तर आधी ताऱ्याची त्रिज्या लागते. ती 10 टक्के जास्त धरलीस की ग्रहाचं आकारमान 33 टक्क्यांनी फुगतं, घनता पाव हिश्श्याने खाली येते, आणि चांगला खडकाळ ग्रह कागदावर पाण्याने भरलेला होऊन बसतो. म्हणून म्हणते, आधी तारा बघ.

तुझे वडील दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत काय करतात ते तू लहानपणापासून बघतेस. मणी चुरडून रसाचा थेंब साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकायचा, झाकण दाबायचं, उन्हाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठल्या आकड्यावर आली ते बघायचं. एका मण्यावर ते कधी व्यापाऱ्याला फोन लावतात का? उन्हातला घड, सावलीतला घड, वेलीच्या शेंड्याचा, बुडाचा, सगळं बघतात आणि मग शुगर आली म्हणतात. तुझं काम तेच आहे आणि तुला ते कमीपणाचं वाटतंय, याचा मला खरंच राग आला.

आता माझं सांगते, हे फार कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्याच वयाची असताना माझ्या डेटाच्या आलेखात 11 दिवसांवर उंच सुळका आला, इतका स्वच्छ की रात्रभर झोप नाही. सकाळी घरी फोन केला, आईने पंचवटीतल्या वाड्यात पेढे वाटले. आठवड्याने कुणीतरी साधा प्रश्न विचारला, ताऱ्यावरची खळबळ दाखवणाऱ्या कॅल्शियमच्या एच आणि के लाइन्स बघितल्यास का? नव्हत्या बघितल्या. स्पेक्ट्रमच्या पार निळ्या टोकाला, 3968 आणि 3933 अँगस्ट्रॉम तरंगलांबीला असतात, तिथे सिग्नल कमी म्हणून मी त्या फाइली उघडल्याच नव्हत्या. उघडल्या तर लाइनच्या तळाशी मधोमध छोटासा उंचवटा, आणि तो 11 दिवसांनीच कमीजास्त होत होता. तारा स्वतःभोवती फिरत होता, त्याच्यावरचे डाग समोर येत होते, जात होते, लाइनचा आकार तेवढा तिरपा होत होता आणि मी त्याला ग्रह समजत होते. आईला परत फोन करून सांगायला मला चार दिवस लागले.

हे मोठ्यामोठ्यांचंही झालंय. ग्लीज 581 या ताऱ्याचा डी ग्रह 2007 मध्ये जाहीर झाला, पुढे त्यावर जीवसृष्टी असेल का इथपर्यंत चर्चा गेली, आणि 2014 मध्ये हायड्रोजनची एच-अल्फा लाइन नीट तपासल्यावर कळलं की ताऱ्याची गिरकी साधारण 130 दिवसांची आहे आणि ग्रहाचा म्हणून मानलेला काळ जवळपास त्याच्या निम्मा. म्हणजे खोट ताऱ्यातच होती. आधी तारा बघ, किती वेळा सांगू!

आणि कंटाळवाणं म्हणू नकोस. लोह जास्त असलेल्या ताऱ्यांभोवती गुरूसारखे मोठे ग्रह जास्त सापडतात हे 2005 मध्ये फिशर आणि व्हॅलेंटींनी ठसठशीत दाखवलं, ते शेकडो ताऱ्यांचे स्पेक्ट्रम मोजूनच. ग्रह कसे बनतात याचा केवढा मोठा धागा तो.

मला माहितीये लोक काय म्हणतात, मॅडम ताऱ्यांतच अडकल्या, बरोबरचे पुढे गेले, या नाशिकला येऊन शिकवत बसल्या, पेपर तीनच. हो, तीनच. पण त्यातलं एकाही ताऱ्याचं तापमान मला नंतर मागे घ्यावं लागलं नाही, आणि पेढ्यांनंतर मला तेवढंच हवं होतं. यात माझा हट्ट आहे हे मान्य, तुला तो पटलाच पाहिजे असं नाही. टॉपिक बदलायचा तर बदल, पण एक तारा पूर्ण केल्याशिवाय नाही. लोहाच्या लाइन्स एकेक करून हाताने मोज, सॉफ्टवेअरवर सोडू नकोस. कंटिन्युअम, म्हणजे लाइन्सच्या मधली उजेडाची सपाट पातळी, केसभर वर धरलास तर प्रत्येक लाइन मोठी येते, लोह उगाच वाढतं, हे स्वतःच्या हाताने चुकल्याशिवाय कळत नाही.

रविवारी सकाळी ये, लॅपटॉप घेऊन ये. निळ्या टोकाची फाइल आधी उघडू. आणि बाबांना म्हणावं, जुना रिफ्रॅक्टोमीटर असेल तर पाठवा, माझ्या अकरावीच्या पोरांना दाखवायचाय.

तुझी,
मॅडम